संपर्काच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: ‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून माझे वय ६८ आहे. यजमान हयात नाहीत. माझा थोरला मुलगा ३६ वर्षांचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि अधूनमधून फिटही येतात. तो रोज प्रौढांच्या कार्यशाळेत जातो. यंदा कार्यशाळेने नवा फॉर्म दिला. त्यात “प्रमुख संपर्क”, “पर्यायी संपर्क” आणि “पालक किंवा प्रतिनिधी” असे तीन रकाने आहेत. तिन्हींत मी माझेच नाव लिहिले, तेव्हा तिथल्या बाईंनी फॉर्म परत पाठवला. मुलगी पुण्यात नोकरी करते. धाकटा मुलगा कॅनडात स्थायिक होऊन तिथला नागरिक झाला आहे. दीर शेजारीच राहतात आणि हाकेसरशी धावून येतात, पण शेतजमीन अजून सामायिक आहे. मुलीचे नाव लिहिले तर माझा मुलावरचा हक्क जातो का? दिरांचे नाव लिहिले नाही तर ते दुखावतील. पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे, म्हणून उत्तर लवकर हवे आहे.’

सप्रेम नमस्कार.

बाईंनी फॉर्म परत पाठवला, हे त्यांनी योग्यच केले. तुमचे नाव तीनदा लिहिल्याने कार्यशाळेला एकच माणूस मिळतो, आणि पुढच्या महिन्यात नेमका तोच माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असणार आहे. घाई असल्यामुळे फॉर्मपुरते उत्तर आधी देतो. ‘प्रमुख संपर्क’ म्हणून तुमचे नाव राहू द्या. ‘पर्यायी संपर्क’ या रकान्यात पहिले नाव दिरांचे आणि दुसरे मुलीचे लिहा. जागा कमी पडली तर कागद जोडा. ‘पालक किंवा प्रतिनिधी’ या रकान्यात मात्र ‘आई, कायदेशीर पालकत्वाचा आदेश अद्याप घेतलेला नाही’ असे स्पष्ट लिहा. हे वाचून तुम्हाला कदाचित वाईट वाटेल, पण ते खरे आहे आणि कार्यशाळेला माहीत असणे आवश्यक आहे.

मूल अज्ञान असेपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती सज्ञान होते, मग तिला बौद्धिक अक्षमता असो वा नसो. म्हणजे गेली १८ वर्षे तुम्ही मुलाच्या वतीने ज्या सह्या करीत आला आहात, त्या बहुतेक ठिकाणी चालल्या त्या रिवाजाने आणि समोरच्यांच्या चांगुलपणाने. तुमच्यासारख्या असंख्य माता तशाच सह्या करीत आल्या आहेत आणि त्यात कोणाचे काही वाकडे होत नाही. अडचण येते ती तुम्ही स्वतः उपलब्ध नसाल तेव्हा, कारण रिवाजाने चाललेली सही दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही.

या फॉर्मच्या निमित्ताने वेगवेगळी कामे वेगवेगळ्या माणसांत वाटून घ्यावीत, असे मला सुचवायचे आहे. फिट आली तर पाच मिनिटांत कोण पोहोचेल, हा एक प्रश्न आहे. तुम्ही आजारी असताना त्याला जेवूखाऊ कोण घालील आणि गोळ्या वेळेवर कोण देईल, हा दुसरा. बँकेत, रुग्णालयात, तहसील कार्यालयात त्याच्या वतीने कायदेशीर सही कोण करील, हा तिसरा. तुमच्यानंतर त्याच्या नावे येणाऱ्या पैशांचा हिशेब कोण ठेवील, हा चौथा. या चारही प्रश्नांचे उत्तर एकच व्यक्ती असेल असे नाही, आणि तुमच्या घरात तर ती एक असू नये, असे पत्रावरून मला वाटते.

संपर्काच्या रकान्यात नाव लिहिल्याने त्या व्यक्तीला फोन घेण्याची आणि धावून येण्याची जबाबदारी मिळते, कोणताही अधिकार मिळत नाही. त्यामुळे मुलीचे नाव तिथे लिहिल्याने तुमचा काडीचाही हक्क कमी होत नाही. दिरांचे नाव लिहिल्यानेही जमिनीच्या बाबतीत त्यांना काहीच मिळत नाही. दिरांविषयी तुमच्या मनात जी धाकधूक आहे ती पत्रात तुम्ही शब्दांत मांडलेली नाही, तरी ती जाणवते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

यजमानांच्या पश्चात वारस नोंद झाली असेल, तर सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर तुमच्या तिन्ही मुलांची नावे असतील. ती नोंद अजून झाली नसेल तर तलाठ्याकडे आधी ते काम करा. नोंद झाली असेल तर थोरल्या मुलाचा त्या जमिनीत स्वतःचा हिस्सा आहे, आणि सामायिक जमिनीत दिरांचाही हिस्सा आहे. उद्या वाटणी किंवा विक्री निघाली तर एकाच व्यवहारात दोघांचे हितसंबंध समोरासमोर येतील. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मालमत्तेच्या किंवा पैशाच्या एखाद्या व्यवहारात साहाय्य करणारी व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्ती यांच्या हितसंबंधांत विरोध निर्माण झाला, तर साहाय्य करणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे, असे त्याचे कलम १३ सांगते. याचा अर्थ दिरांवर अविश्वास दाखवायचा असा नाही. रात्री-अपरात्री मुलाला उचलून दवाखान्यात नेणारा माणूस तोच आहे, आणि आणीबाणीच्या यादीत त्याचा नंबर वर असलाच पाहिजे. मात्र मुलाच्या हिश्शावर सही करण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये. हे त्यांना तुम्ही स्वतः, फॉर्म भरण्याच्या आधी सांगा. ‘भाऊजी, पहिला फोन तुम्हालाच येणार आहे, पण कागदपत्रांचे काम मी मुलीकडे देते आहे’ एवढे सरळ सांगितले तर बहुतेक माणसे दुखावत नाहीत. परस्पर दुसऱ्याकडून कळले तर मात्र दुखावतात.

आता कायदेशीर पालकत्वाविषयी. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार अवस्थांतील व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा केंद्रीय कायदा आहे. या कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक स्तर समिती असते. तीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी झालेल्या एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करून स्वतःची किंवा आपल्या पसंतीच्या अन्य व्यक्तीची पालक म्हणून नेमणूक मागू शकतात. या कामासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही, ही गोष्ट अजूनही पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते आणि ती वकिलाच्या शोधात वर्षे घालवतात. अर्ज मुलगा जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या समितीकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत साताऱ्यालाच करावा लागेल. मुलगी पुण्यात असली तरी पुण्याला नव्हे. समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी असे कायदा म्हणतो, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधी आदेश हाती येईल अशी अपेक्षा धरू नका. अर्ज मात्र आत्ताच द्या आणि पोचपावती घ्या. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, मुलाची आणि पालक होणाऱ्या व्यक्तीची ओळखपत्रे आणि छायाचित्रे तयार ठेवा. बाकी कागद कोणते लागतील ते जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा तुमच्या कार्यशाळेच्या व्यवस्थापनाकडे विचारून घ्या.

पालक कोणाला नेमावे? धाकट्या मुलाचे नाव तुमच्या मनात असेल तर ते बाजूला ठेवावे लागेल, कारण राष्ट्रीय न्यासाच्या विनियमांनुसार पालक भारताचा नागरिक असावा लागतो. त्याने पैशाचा भार उचलावा, आठवड्याला व्हिडिओ कॉल करावा, वर्षातून एकदा येऊन भावाजवळ राहावे; हे काम काही कमी मोलाचे नाही. मग उरता तुम्ही आणि मुलगी. इथे मात्र तुमचा ‘हक्क जातो का’ हा प्रश्न खराच लागू पडतो. तुम्ही स्वतः पालक झालात तर आज काहीच बदलत नाही, परंतु तुमच्यानंतर मुलीला पुन्हा नव्याने अर्ज करावा लागेल, आणि तो नेमका अशा वेळी करावा लागेल जेव्हा तुमचे कुटुंब निवृत्तिवेतन, बँकेतील ठेवी आणि मुलाचा रोजचा सांभाळ असे सारे एकदम अंगावर आलेले असेल. उलट आत्ताच मुलीची नेमणूक झाली तर कायदेशीर सहीचा अधिकार तिच्याकडे जाईल. मुलगा मात्र तुमच्याजवळच राहील आणि रोजचे सारे निर्णय घरात होतात तसेच होत राहतील.

माझे मत विचाराल तर ६८व्या वर्षी आणि शस्त्रक्रियेच्या तोंडावर मी मुलीच्या नेमणुकीकडे झुकेन. अर्ज करण्यापूर्वी तिच्याशी, आणि जावयांशीही, नीट बोला. पालकत्व ही मानाची पाटी नाही. पालकाने नेमणुकीपासून ६ महिन्यांच्या आत दिव्यांग व्यक्तीच्या स्थावर आणि जंगम मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांच्या आत जमाखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. पालक छळ करीत असेल, दुर्लक्ष करीत असेल किंवा मालमत्तेचा अपहार करीत असेल, तर समिती त्याला दूरही करू शकते. पालक नेमण्याची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी, याचा विचार समितीने करायचा असतो. म्हणून अर्जात कोणती कामे अडली आहेत किंवा अडतील ते नेमके लिहा. ‘सर्व कामांसाठी’ असे मोघम लिहिणे सोपे असते, पण ते मुलाच्या हिताचे नसते.

कोणी तुम्हाला ‘मुलाकडून मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या, काम लवकर होईल’ असा सल्ला देईल. तो घेऊ नका. ज्या दस्तऐवजाचा परिणाम मुलाला समजत नाही, त्यावरील त्याच्या अंगठ्याला उद्या कोणीही आव्हान देऊ शकेल. तुम्ही स्वतःच्या व्यवहारांसाठी मुलीला मुखत्यारपत्र देऊ शकता, परंतु ते तुमच्या हयातीपुरतेच चालते.

निवृत्तिवेतनाचे काम मी पालकत्वाइतकेच निकडीचे मानतो. राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांत, दिव्यांगत्वामुळे ज्याला स्वतःची उपजीविका करता येत नाही अशा अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी कार्यालयाच्या दप्तरी तुमच्या कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव आणि त्याच्या दिव्यांगत्वाची नोंद असायला हवी. तुम्ही निवृत्त होताना ती झाली होती का, हे ज्या कार्यालयातून तुमचे निवृत्तिवेतन मंजूर झाले तिथे लेखी अर्ज करून विचारा. तुमच्या हयातीत तुमच्या सहीच्या एका अर्जाने होणारे हे काम पुढे मुलीला बरेच कागद जमवून करावे लागेल.

बँकेत नॉमिनी म्हणून कोण आहे, तेही तपासा. नॉमिनीच्या हाती रक्कम दिली जाते, एवढाच त्याचा अर्थ. ती अखेर कोणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. फक्त मुलाचेच नाव असेल तर बँक त्याच्या वतीने सही करणाऱ्या पालकाचा आदेश मागण्याचा संभव आहे, आणि स्थानिक स्तर समितीने दिलेले प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. शाखेत अडवणूक झाली तर त्या सूचनांचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. मृत्युपत्र केलेले नसेल तर तेही मनावर घ्या. आपल्यानंतर पालक कोण असावे ही इच्छा त्यात जरूर लिहा, पण नेमणूक समितीकडूनच व्हावी लागते हे विसरू नका.

तुमच्या पत्रात नसलेली, पण अशा घरांत हमखास आढळणारी एक अडचण सांगतो. मुलाच्या आधारला, बँक खात्याला, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राला आणि निरामय आरोग्य विम्याला, सगळीकडे, आईचा एकच मोबाइल नंबर जोडलेला असतो. आई रुग्णालयात गेली की फोन बंद, आणि फोन बंद की प्रत्येक ओटीपी अडतो. निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो, पण तिचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते आणि त्याची तारीख ज्या फोनवर कळते तो कपाटात पडून असला की विमा खंडित होतो. मुलाच्या नावाने वेगळे सिमकार्ड घ्या, ते तुमच्या घरातच ठेवा, आणि हळूहळू सर्व ठिकाणी तो नंबर नोंदवा. आधारमधला नंबर बदलण्यासाठी मुलाला आधार केंद्रावर न्यावे लागू शकते. त्याला गर्दीचा त्रास होत असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या.

आता एका संपर्कपत्राविषयी, जे कार्यशाळेच्या फॉर्मपेक्षा मोठे असेल आणि जे तुम्ही स्वतः तयार करायचे आहे. त्यात सर्वांत वर मुलाचे नाव आणि त्याची स्वतःची माहिती असावी. त्याला कोणाजवळ राहायला आवडते, कोणाच्या आवाजाने तो शांत होतो, ‘हो’ आणि ‘नाही’ तो कसे सांगतो, हे पहिल्या चार ओळींत लिहा. तो ३६ वर्षांचा आहे. त्याच्यासमोर दिरांचा, मुलीचा आणि बाईंचा फोटो ठेवून ‘आई दवाखान्यात गेली तर तुला कोण हवे?’ असे त्याला विचारा आणि तो ज्याच्यावर बोट ठेवील ते नाव लिहा. २०१६च्या त्याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीला आपल्या साहाय्याची व्यवस्था बदलण्याचा, दुसऱ्या कोणाचे साहाय्य घेण्याचा अधिकार दिला आहे; बोलता फारसे येत नाही म्हणून तो अधिकार मावळत नाही.

प्रत्येक नावापुढे नाते, फोन आणि तो कोणत्या वेळी उचलला जातो हे लिहा. मुलगी कामावर असताना फोन घेऊ शकत नसेल तर सकाळी दहा ते सहा या वेळात तिचा नंबर निरुपयोगी आहे, आणि हे कार्यशाळेला आधी कळलेले बरे. त्या व्यक्तीला काय सांगायला हरकत नाही आणि ती काय ठरवू शकते, हेही एका वाक्यात नोंदवा. दिरांना मुलाची तब्येत, औषधे, फिटचा इतिहास सारे सांगावे. बँकेविषयी सांगण्याचे कारण नाही. फिटच्या गोळ्यांचे नाव, मात्रा, वेळ आणि डॉक्टरांचा फोन ठळक अक्षरांत हवा, आणि त्याखाली ‘फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त राहिली तर १०८ला फोन करावा, तोंडात काही घालू नये’ ही सूचना हवी, कारण कांदा किंवा चप्पल हुंगवणारे हात आजही पुढे येतात. पिन, पासवर्ड, खाते क्रमांक या कागदावर कधीही लिहू नका. ते मुलीजवळ वेगळे ठेवा. ज्यांची नावे लिहिली त्या प्रत्येकाला आधी विचारा, आणि नंबर खरोखर लागतो का ते एकदा स्वतः फोन करून पाहा. कागदाच्या तळाशी तारीख घाला आणि दरवर्षी एप्रिलमध्ये, मुलीला हिशेब द्यायचा असेल त्याच सुमारास, तो नव्याने लिहा.

या सदराच्या ज्या वाचकांच्या घरी स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार आहे, त्यांनी वरील पालकत्वाची वाट आपल्याला जशीच्या तशी लागू आहे असे समजू नये. त्यांच्यासाठी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ आहे. त्यानुसार सज्ञान रुग्ण स्वतःच साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो आणि मनात आले तर बदलूही शकतो. त्या प्रतिनिधीची लेखी संमती मात्र लागते. तुमच्या मुलाची बौद्धिक अक्षमता त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून कोणी तो फॉर्म पुढे केला तर भरू नका.

राहिला शस्त्रक्रियेचा आठवडा. तारीख ठरली की त्या दिवसांपुरते एक वेगळे पत्र कार्यशाळेला द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पहिला फोन दिरांना करावा, न लागल्यास मुलीला, मुलाला सोडायला आणि न्यायला कोण येईल त्याचे नाव, आणि त्या दोघांशिवाय अन्य कोणाच्याही ताब्यात त्याला देऊ नये. तुम्ही घरी येऊन चालू-फिरू लागलात की ‘पूर्ववत’ असे लेखी कळवा. स्वतःच्या रुग्णालयातल्या फॉर्मवर ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून मुलीचे नाव लिहा, आणि घरी कोणावर अवलंबून असलेली व्यक्ती आहे का असे विचारले गेले नाही तरी तुम्ही होऊन सांगा, म्हणजे घरी सोडण्याची तारीख ठरवताना डॉक्टर त्याचाही विचार करतील.